बेथनल ग्रीनचा जिना

(दृश्य : पूर्व लंडनमधला एक चौक. संध्याकाळ. माणसं फुटपाथवरून जिन्यात उतरत आहेत.)

लंडनच्या पूर्व भागात केंब्रिज हीथ रोड आणि रोमन रोड जिथे एकमेकांना मिळतात, तिथे बेथनल ग्रीन नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे. वर स्टेशनची इमारत नाही. लंडनकरांच्या ओळखीची लाल-निळी चकती, बाजूला एक बाग, आणि जमिनीत उतरणारा जिना, इतकंच. एरवी इथे कुणी थांबत नाही. सेंट्रल लाइनची गाडी पकडायची घाई असते.

आपण मात्र या जिन्यापाशी थांबणार आहोत.

रस्त्यावरून १९ पायऱ्या उतरलं की एक छोटीशी मोकळी जागा लागते. तिथे वळायचं, आणखी ७ पायऱ्या उतरायच्या, की तिकीटघर. तिथून सरकते जिने फलाटांकडे जातात. वरच्या जिन्याची रुंदी १० फूट. आपल्याकडच्या एखाद्या शाळेचा जिना असावा, तसा साधा.

३ मार्च १९४३ च्या रात्री या १९ पायऱ्यांवर १७३ माणसं जिवानिशी गेली. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पण त्या रात्री इथे बॉम्ब पडला नव्हता. आग लागली नव्हती, भिंत कोसळली नव्हती. गाडीचाही काही संबंध नव्हता, कारण तोपर्यंत या स्टेशनात प्रवाशांची एकही गाडी आलेली नव्हती.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. अर्धवट बोगदा, रुळांविना.)

सेंट्रल लाइन पूर्वेकडे वाढवायचं काम १९३६ साली सुरू झालं. बोगदे खणून झाले, फलाटांची जागा तयार झाली, आणि १९३९ मध्ये युद्ध आलं. काम थांबलं. रूळ नाहीत, गाड्या नाहीत, पण जमिनीच्या पोटात एक भक्कम, खोल, रिकामी जागा तयार होती.

७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन विमानांनी लंडनवर मोठा हल्ला चढवला. पुढे सलग ५७ रात्री बॉम्ब पडत राहिले. गोदी पूर्व लंडनमध्ये, म्हणून सगळ्यात जास्त मारा पूर्व लंडनवर. बेथनल ग्रीन ही कष्टकऱ्यांची वस्ती. लाकडी सामान बनवणारे सुतार, शिंपी, गोदीत जाणारे मजूर. लहान घरं, एकाला एक चिकटलेली. या घरांना तळघर कुठलं असणार?

लोकांनी भुयारी स्टेशनात झोपावं, हे सरकारला सुरुवातीला मान्य नव्हतं. एकदा खाली गेलेली माणसं वर कामाला येणारच नाहीत, अशी भीती अधिकाऱ्यांना वाटत होती. लोकांनी वाद घातला नाही. गाडीचं स्वस्तातलं तिकीट काढलं, वळकटी काखेत मारली, आणि फलाटावर जाऊन पथाऱ्या पसरल्या. तिकीट काढलेल्या माणसाला हाकलणार कसं? थोड्याच दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. त्याच शरद ऋतूत बेथनल ग्रीनचं अपुरं स्टेशन रीतसर निवारा म्हणून ताब्यात घेण्यात आलं.

आता त्या निवाऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. या जागेचं नाव फक्त एका रात्रीसाठी घेतलं जातं. त्याआधी अडीच वर्षं इथे एक गाव नांदत होतं.

बोगद्यात तीन मजली बंक उभे केले, पाच हजार माणसं झोपतील इतके. दाटीवाटीने आणखी दोन हजार मावत. कुटुंबांनी आपापल्या जागा धरलेल्या होत्या. शेजारीपाजारी वरच्या गल्लीतलेच. उपाहारगृह होतं, डॉक्टरची खोली होती, लहान मुलांसाठी पाळणाघर होतं. तीनशे खुर्च्यांचं नाट्यगृह होतं, त्यात गाणी व्हायची, नाच व्हायचे.

आणि वाचनालय होतं.

वस्तीचं मुख्य वाचनालय बागेला लागूनच होतं. सप्टेंबर १९४० मध्ये त्यावर बॉम्ब पडला. जॉर्ज व्हेल हे ग्रंथपाल आणि स्टॅन्ली स्नेथ हे त्यांचे साहाय्यक. छप्पर गेलं म्हणून पुस्तकं देणं बंद करायचं, असं या दोघांच्या मनातही आलं नसावं. पुस्तकांचे वाचक जमिनीखाली गेले होते. मग पुस्तकंही खाली गेली. पश्चिमेकडे जाणाऱ्या बोगद्यात, जिथे रूळ यायचे होते तिथे फळ्या टाकून, त्यांनी एक छोटी खोली उभी केली. चार हजार पुस्तकं लावली. रोज संध्याकाळी साडेपाच ते आठ वाचनालय उघडं. मुलं चपळाईने येऊन पुस्तक बदलून घेत. मोठी माणसं बंकवर पडून वाचत. वर शहर जळत असताना एखादी बाई खाली कादंबरीचं पान उलटते आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. लंडनच्या युद्धातल्या शौर्याच्या अनेक कथा आहेत. मला ही सगळ्यात जवळची वाटते.

(दृश्य : कॅमेरा बोगद्यातून हळूहळू वर येतो. तिकीटघर, ७ पायऱ्या, वळण, मग १९ पायऱ्या.)

एवढं सगळं उभं राहिलं. पण सात हजार माणसांच्या या गावाला वेस एकच होती. हाच जिना.

जिना पक्का झालेला नव्हता. पायऱ्यांच्या कडा ओबडधोबड. मधोमध धरायला कठडा नाही. वरच्या तोंडाशी तात्पुरती लाकडी आडोशाची भिंत आणि दार. ब्लॅकआउट, म्हणजे शत्रूच्या विमानांना शहर दिसू नये म्हणून केलेला अंधार, त्यामुळे रस्त्यावर दिवा नाही. जिन्यात एकच अंधुक दिवा, २५ वॅटचा. खालच्या वळणावर तर उजेड जेमतेम पोचायचा.

नगरपालिकेच्या लोकांना हे दिसत होतं. १९४१ मध्ये त्यांनी वर पत्र लिहिलं. घाईत गर्दी आली तर हा लाकडी आडोसा टिकणार नाही, प्रवेशाची रचना बदलू द्या, खर्चाला मंजुरी द्या. लंडनच्या नागरी संरक्षणाची जबाबदारी असलेल्या वरिष्ठ कार्यालयाला हा खर्च नको होता. मंजुरी मिळाली नाही. जिना होता तसाच राहिला.

१९४३ उजाडेपर्यंत लंडनवरचे हल्ले विरळ झाले होते. बरीच कुटुंबं आपल्या घरी झोपू लागली होती. मात्र लोकांना एक गणित पाठ झालं होतं. इंग्रजांच्या विमानांनी बर्लिनवर मोठा हल्ला केला, की एक-दोन दिवसांत लंडनवर उलट हल्ला येतो. जानेवारीत तसंच झालं होतं. १ मार्चच्या रात्री बर्लिनवर पुन्हा जबरदस्त बॉम्बवर्षाव झाला. वर्तमानपत्रांत बातमी आली. ती वाचताना बेथनल ग्रीनमधल्या आयांनी मनाशी ठरवलं, आता दोन-चार रात्री पोरांना घेऊन खालीच झोपायचं.

३ मार्च. बुधवार. पाऊस पडून गेला होता, पायऱ्या ओल्या होत्या.

रात्री ८ वाजून १७ मिनिटांनी भोंगा वाजला.

लोक निघाले. गांगरून धावत नव्हते. अडीच वर्षांची सवय होती. पोरांचे हात धरले, पांघरुणं घेतली. चौकात बसगाड्या थांबल्या, त्यातले प्रवासी उतरून जिन्याकडे वळले. सिनेमाघरातून माणसं बाहेर आली. पुढच्या दहा मिनिटांत सुमारे दीड हजार माणसं या जिन्याने सुखरूप खाली उतरली. हा आकडा लक्षात ठेवा. हीच माणसं, हाच अंधार, हाच जिना, आणि दहा मिनिटं काही झालं नाही.

८ वाजून २७ मिनिटं. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून विमानवेधी रॉकेटांची सरबत्ती सुटली. एका वेळी साठ. हे हत्यार नवीन होतं, आणि त्याचा आवाज वस्तीने कधी ऐकलेला नव्हता. बॉम्ब कसा शिट्टी घालत येतो हे इथल्या लहान पोरालाही माहीत होतं. पण हा आवाज त्यातला नव्हता, आणि तो अगदी डोक्यावरच झाला. जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली माणसं साहजिकच चार पावलं पुढे सरकली.

त्याच क्षणी खाली, शेवटून तिसऱ्या पायरीच्या आसपास, एक बाई पडली. तिच्याबरोबर मूल होतं असं सांगतात. तिला अडखळून एक माणूस पडला. त्याच्यावर आणखी कुणी.

(दृश्य : रिकामा जिना. आवाज नाही.)

पुढचं सगळं काही सेकंदांत झालं. वरून येणाऱ्यांना खालचं दिसत नव्हतं. कुणी ओरडलं तरी ते ओरडणं वरपर्यंत पोचत नव्हतं. पुढची माणसं का थांबली? दार बंद केलं असेल, असं वरच्यांना वाटलं. त्यांनी पुढे व्हा, पुढे व्हा म्हटलं. दहा फूट रुंदीच्या त्या खोबणीत सुमारे तीनशे माणसं अडकली. एकावर एक, आडवीतिडवी, हातात हात आणि पायात पाय गुंतलेले.

अशा वेळी माणूस तुडवला जाऊन मरतो असा आपला समज असतो. बहुतेक वेळा तसं नसतं. छातीवर सगळीकडून इतका दाब येतो की बरगड्या फुगायला जागा राहत नाही. श्वास बाहेर जातो, आत येत नाही. काही मिनिटांत संपतं. पडलेला माणूस जातो, तसा उभा असलेलाही जातो.

खालून निवाऱ्यातले स्वयंसेवक धावले. त्यांनी हात धरून ओढायचा प्रयत्न केला, पण माणसं इतकी घट्ट अडकली होती की जवळजवळ कुणालाच मोकळं करता येईना. तेरा वर्षांचा एक मुलगा खालच्या पायऱ्यांवर अडकला होता. निवाऱ्याची पहारेकरी असलेल्या एका बाईने त्याला आधी केसांना धरून, मग काखेत हात घालून उपसून काढलं. तो वाचला. शेवटी वरून, रस्त्याच्या बाजूने, एकेकाला सोडवत जावं लागलं. शेवटच्या माणसाला बाहेर काढेपर्यंत मध्यरात्र होत आली होती.

२७ पुरुष. ८४ स्त्रिया. ६२ मुलं.

साठहून अधिक जखमींना इस्पितळात नेलं. मृतदेह फुटपाथवर ओळीने ठेवले, आणि जागा पुरेना तेव्हा समोरच्या सेंट जॉन चर्चच्या तळघरात. या सगळ्या काळात खाली, बोगद्यात, हजारो माणसं बंकवर होती. वर काय झालंय याचा त्यातल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता.

त्या रात्री शत्रूच्या विमानाने बेथनल ग्रीनवर एकही बॉम्ब टाकला नाही.

(दृश्य : जुन्या वर्तमानपत्राची पानं.)

आपल्या भाषेत अशा घटनेला चेंगराचेंगरी म्हणतात. या निवेदनात आतापर्यंत मी तो शब्द टाळला. मारामारी, ढकलाढकली, पळापळ यांच्या पंगतीतला हा शब्द. तो ऐकला की वाटतं, लोकांनीच एकमेकांना चेंगरलं. दोष आपोआप गर्दीच्या पदरात पडतो. जिना वाक्यातून गळून जातो.

१९४३ मध्ये नेमकं तेच झालं. युद्धकाळ होता, शत्रूला कळू नये म्हणून वर्तमानपत्रांना जागेचं नाव छापू दिलं नाही. न्यायाधिकारी लॉरेन्स डन यांनी लगेच चौकशी केली, महिनाभरात अहवाल लिहून दिला. त्यांनी जिन्यातल्या उणिवा नोंदवल्या, पण मुख्य कारण म्हणून लोकांचा स्वतःवरचा ताबा सुटला यावर बोट ठेवलं. ज्यूंनी घबराट माजवली अशी एक विषारी अफवा वस्तीत फिरत होती. तिला काडीचाही आधार नाही, हेही त्यांनी ठामपणे लिहिलं, आणि ते लिहिलं हे फार बरं झालं. पण गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी अहवाल बाहेर येऊ दिला नाही. तो प्रसिद्ध व्हायला जानेवारी १९४५ उजाडावं लागलं. जवळजवळ दोन वर्षं अफवा मोकळी फिरली आणि तिला खोडून काढणारा कागद कुलपात राहिला.

नगरपालिकेने १९४१ मध्ये लिहिलेलं पत्रही असंच दडून राहिलं. लोकांचा सगळा राग नगरपालिकेवर होता, आणि आम्ही मागितलं होतं, आम्हाला नाही म्हटलं, एवढं सांगायचीही मुभा तिला नव्हती.

मग एक विधवा कोर्टात गेली. तिची माणसं या जिन्यावर गेली होती. बेकर विरुद्ध बेथनल ग्रीन कॉर्पोरेशन, १९४४. सरकारच्या आग्रहाने सुनावणी बंद दाराआड झाली. न्यायमूर्ती सिंगलटन यांनी साक्षी ऐकल्या आणि निष्कर्ष काढला, की जिन्यावर धावपळ किंवा मुसंडी असं काही झालंच नव्हतं. जिना धोक्याचा होता. जबाबदारी तो सांभाळणाऱ्यांची होती. अपिलातही हा निकाल टिकला. अपील न्यायालयाचे प्रमुख लॉर्ड ग्रीन यांनी तर घबराट नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं असं म्हटलं, आणि खटला गुप्तपणे चालवायला लावल्याबद्दल सरकारी खात्याला खडसावलं. त्यानंतर इतर कुटुंबांनीही दावे केले. भरपाईची एकूण रक्कम साठ हजार पौंडांच्या घरात गेली, आणि शेवटचे पैसे मिळायला १९५० चं दशक उजाडलं.

कोर्टाने सांगितलं ते कायद्याच्या पुस्तकात राहिलं. लोकांच्या तोंडी मात्र घबराटच राहिली.

आणि घरांमध्ये राहिली शांतता. वाचलेली मुलं मोठी झाली, त्यांनी आपल्या मुलांना काही सांगितलं नाही. त्या रात्री इस्पितळात मृतदेह उतरवून घेणाऱ्या तरुण डॉक्टर बाईंना याबद्दल कुठे बोलायचं नाही अशी ताकीद मिळाली होती. त्या अनेक दशकं बोलल्या नाहीत, पण ते स्वप्नात येत राहिलं. कित्येक कुटुंबांतली तीन-तीन, चार-चार माणसं एकदम गेली होती. एकाच गल्लीतल्या कित्येक दारांवर एकाच दिवशी पडदे ओढले गेले होते. तिथे कोण कुणाला विचारणार?

(दृश्य : आजचं स्टेशन. फलाटावरच्या क्रीम रंगाच्या फरशा.)

४ डिसेंबर १९४६ रोजी पहिली प्रवासी गाडी बेथनल ग्रीनला आली. बंक निघाले, वाचनालयाच्या फळ्या निघाल्या, तिथे रूळ आले. फलाटाच्या भिंतींवर क्रीम रंगाच्या फरशा आहेत. त्यात मधूनच एखादी उठावाची फरशी दिसते. लंडनच्या खुणा आणि भोवतालच्या परगण्यांची चिन्हं त्यांवर आहेत. हॅरोल्ड स्टेबलर या कारागिराने त्या घडवल्या. सुंदर काम आहे, गाडी येईपर्यंत एखादी शोधून पाहावी अशी. खाली काय काय होऊन गेलं याची मात्र एकही खूण त्या भिंतींवर नव्हती.

पहिली पाटी लागली ती १९९३ साली, पन्नास वर्षांनी. जिन्याच्या वर, लहानशी. मान वर केली तरच दिसेल अशी. त्यावर लिहिलं आहे की दुसऱ्या महायुद्धातली नागरिकांची सर्वांत मोठी दुर्घटना इथे घडली.

ती पाटी हॅरी पॅटिकस या तिथल्याच वास्तुरचनाकाराने वाचली. एवढ्या माणसांसाठी एवढीशी पाटी, हे त्यांना पटेना. वाचलेली माणसं आता सत्तरीत, ऐंशीत होती. २००७ साली त्यांनी आणि नातलगांनी मिळून एक न्यास काढला. पैसे जमवायला दहा वर्षं लागली. ही म्हातारी माणसं हातात डबे घेऊन रस्त्यावर उभी राहत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती रात्र सांगत. ज्यांना गप्प राहायला सांगितलं होतं, तीच आता अनोळखी माणसाला थांबवून सांगत होती.

(दृश्य : बागेचा कोपरा. उलटा जिना.)

१७ डिसेंबर २०१७ रोजी स्मारकाचं अनावरण झालं. जिन्याला लागून, बागेच्या कोपऱ्यात, एक लाकडी जिना हवेत उलटा टांगलेला आहे. खालच्या जिन्याच्याच मापाचा. त्याच्या बाजूंवर १७३ नावं कोरलेली आहेत. वाचत गेलं की तेच तेच आडनाव पुन्हा येतं. आई, मुलं, आजी. वय लक्षात घेत वाचू नका, असं मला सुचवावंसं वाटतं. पण डोळे तिकडे जातातच.

मुख्य म्हणजे, हे स्मारक त्या माणसांना शूर म्हणत नाही, आणि घाबरट तर मुळीच म्हणत नाही. ते जिना दाखवतं. पाऊणशे वर्षं वाक्यातून गळून गेलेली गोष्ट त्यांनी सगळ्यांच्या डोक्यावर आणून टांगली.

उलट्या जिन्याच्या माथ्यावर १७३ लहान छिद्रं आहेत, प्रत्येक माणसामागे एक. ऊन असलं की त्यांतून उजेड खाली झिरपतो. त्याच्याखाली उभं राहता येतं.

मार्चच्या सुरुवातीला दरवर्षी सेंट जॉन चर्चमध्ये प्रार्थना होते. १९४३ च्या रात्री ज्याच्या तळघरात मृतदेह ठेवले होते, तेच हे चर्च. प्रार्थना संपली की माणसं रस्ता ओलांडून बागेच्या कोपऱ्यात येतात. हातात फुलं असतात. त्यांतल्या कित्येकांना घरी परत जायला भुयारी गाडीच पकडायची असते, आणि खाली जायला जिना हाच जवळचा. आता त्याला कठडा आहे, दिवे लखलखीत आहेत, पायऱ्यांच्या कडा दुरून दिसतात. एक आजी नातवाचा हात धरून उतरते आहे. नातू मोठ्याने पायऱ्या मोजतो आहे. सतरा, अठरा, एकोणीस.